रुग्णसेवेला विद्येचा दर्जा देणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल

बारावीचा निकाल लागला, की आपल्या घराघरांतून एकच विषय निघतो. मुलगी हुशार आहे, विज्ञान शाखेत गुणही बरे मिळाले आहेत. पण डॉक्टरकीला प्रवेश मिळेल इतके नाहीत. आता पुढे काय? अशा वेळी कोणी नर्सिंगचे नाव काढले, की आई गप्प होते, वडील मान हलवतात आणि एखादे चाचा किंवा मामू विषयच बदलून टाकतात. रात्रपाळी, परक्या माणसांची शुश्रूषा, घरापासून दूर वसतिगृहात राहणे आणि पुढे लग्नाच्या वेळी चार लोकांचे बोलणे, अशी कारणे एकामागून एक पुढे येतात. या शंका मायेपोटी येतात. त्यांची टर उडवून चालणार नाही. परंतु एक गोष्ट आपल्या लक्षात असावी. जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील एका अत्यंत श्रीमंत आणि खानदानी घरातही हेच घडले होते. तेथील आईवडिलांनी आपल्या मुलीला आठ वर्षे अडवून धरले. ती मुलगी म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल.

हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी देवता, एवढीच तिची ओळख शाळेच्या पुस्तकातून आपल्याला झालेली असते. पण तिच्या आयुष्याचे खरे मोल त्या दिव्याइतकेच तिने काढलेल्या शाळेत आहे. ज्या कामाला लोक नाक मुरडत होते, ते काम शिकण्याची आणि शिकवण्याची विद्या आहे, हे तिने जगाला पटवून दिले. तिचे चरित्र आज आपल्या पालकांपुढे आणि विद्यार्थिनींपुढे ठेवण्याचे कारण हेच आहे.

रुग्णसेवा ही गोष्ट आपल्याला परकी मुळीच नाही. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांच्या काळात मदिनेत अस्लम कबिल्यातील रुफैदा (र.) या जखमींवर उपचार करीत. हिजरी सन ५, म्हणजे इ. स. ६२७ मधील खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (र.) यांना बाण लागला, तेव्हा त्यांना मशिदीतील रुफैदांच्याच तंबूत ठेवण्यात आले होते. हजरत उम्मे अतिया (र.) यांनी सात मोहिमांत सोबत राहून आजारी व जखमींची देखभाल केल्याचे हदीसमध्ये नमूद आहे. इतका जुना आणि मानाचा वारसा असताना आपण या कामाकडे कमीपणाने का पाहावे, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

जन्म आणि शिक्षण

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील तेव्हा प्रवासात होते आणि गावाचेच नाव मुलीला ठेवण्यात आले. वडील विल्यम नाइटिंगेल हे मोठे जमीनदार. डर्बीशायर आणि हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांचे दोन वाडे होते. त्या काळी मुलींना शिवणकाम, पियानो आणि पाहुण्यांशी चार शब्द बोलण्याची रीत एवढे आले, की शिक्षण पुरे झाले असे मानीत. परंतु विल्यम यांनी आपल्या दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. लॅटिन, ग्रीक, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान असे विषय फ्लॉरेन्स वडिलांपाशी शिकली. तिला सर्वांत गोडी होती ती गणिताची, आणि गणितासाठी शिक्षक मिळावा म्हणून तिला घरात बराच हट्ट धरावा लागला. ही गणिताची गोडी पुढे हजारो माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामी आली.

१८३७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, परमेश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे असे तिला मनोमन वाटले. सेवा कोणती, हे मात्र उमगण्यास काही वर्षे जावी लागली. गावातील गरीब आजाऱ्यांकडे जाता-येता तिच्या ध्यानात आले, की नुसता कळवळा असून भागत नाही. रोग्याजवळ बसणाऱ्याला काय करावे हे कळत नसेल, तर प्रेम असूनही रोगी दगावतो. तेव्हा हे काम शिकले पाहिजे.

नकाराची आठ वर्षे

१८४५ साली तिने आईवडिलांपाशी परवानगी मागितली. जवळच्या सॅलिसबरी गावातील इस्पितळात तीन महिने राहून काम शिकावे, एवढीच तिची मागणी होती. घरात एकच हलकल्लोळ उडाला. आई संतापली, बहीण आजारी पडली, वडील उद्विग्न होऊन बाजूला झाले.

आईवडिलांचा हा विरोध निव्वळ अहंकाराचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळची इस्पितळे ही गोरगरिबांचीच जागा होती. ऐपतदार माणूस आजारी पडला तर डॉक्टर घरी येई. वॉर्डात उग्र दर्प असे, एकाच चादरीवर एकामागून एक रोगी झोपत. तेथे काम करणाऱ्या बायकांना कोणी काही शिकवलेले नसे. दुसरे काही काम मिळाले नाही म्हणून त्या तेथे आलेल्या असत, आणि त्यांच्यापैकी अनेकींना दारूचे व्यसन असे. अशा ठिकाणी कोणती आई आपल्या मुलीला पाठवील? आईची भीती खरी होती. पण दोष रुग्णसेवेत नव्हता. शिक्षण, शिस्त आणि राहण्याची नीट व्यवस्था नसण्यात होता. आईला तो भेद दिसला नाही, मुलीला दिसला.

फ्लॉरेन्स आईवडिलांशी भांडून घराबाहेर पडली नाही. दिवसभर पाहुण्यारावळ्यांची सरबराई करावी आणि पहाटे उठून मेणबत्तीच्या उजेडात निरनिराळ्या देशांच्या इस्पितळांचे अहवाल वाचून टिपणे काढावी, असा तिचा क्रम चालला. एका थोर घराण्यातील विद्वान गृहस्थाने तिला मागणी घातली होती. तिच्या मनातही त्याच्याबद्दल आदर होता. तरीही १८४९ मध्ये तिने नकार दिला, कारण त्या संसारात आपल्या कामाला जागा उरणार नाही हे तिला दिसत होते. त्याच सुमारास स्नेह्यांबरोबर ती इजिप्तच्या प्रवासाला गेली आणि अलेक्झांड्रियात जोगिणींनी चालविलेले रुग्णसेवेचे काम तिने मुद्दाम जाऊन पाहिले.

अखेर १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवेर्थ येथे पाद्री फ्लीडनर यांच्या संस्थेत तिला सुमारे तीन महिने राहता आले. तेथे पहाटे पाचला उठून कामाला लागावे लागे. तेथील स्वच्छता आणि रुग्णसेवा काही फारशी चांगली नव्हती, हे तिने पुढे स्पष्ट नमूद केले. पण तेथील बायकांची निष्ठा तिला भावली. चांगले मन आणि चांगले शिक्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी असून दोन्ही लागतात, हा धडा ती तेथून घेऊन आली.

१८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांसाठी असलेल्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. पगार नव्हता. वडिलांनी मात्र आता माघार घेतली आणि मुलीला दरसाल ५०० पौंड खर्चासाठी बांधून दिले. आठ वर्षांनी बापाचे मन वळले, आणि एकदा वळल्यावर ते मुलीच्या पाठीशी उभे राहिले.

तुर्कस्तानातील ती बराक

१८५३ मध्ये क्रिमियाचे युद्ध पेटले. या युद्धात इंग्लंड आणि फ्रान्स हे तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानाच्या बाजूने रशियाविरुद्ध लढत होते. इस्तंबूलसमोर, सामुद्रधुनीच्या आशियाई किनाऱ्यावर उस्कुदार म्हणून भाग आहे. इंग्रज त्याला स्कुटारी म्हणत. तेथील सेलिमिये ही सुलतानाच्या फौजेची प्रचंड बराक इंग्रजांना इस्पितळासाठी देण्यात आली होती. जखमी आणि आजारी सैनिकांचे तेथे किती हाल चालले आहेत, याच्या बातम्या लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात येऊ लागल्या तेव्हा इंग्लंड हादरले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल घराण्याचे स्नेही होते. त्यांनी फ्लॉरेन्सला परिचारिकांचे पथक घेऊन जाण्याची विनंती केली. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी ३८ परिचारिकांसह त्या निघाल्या आणि ४ नोव्हेंबरला स्कुटारीस पोहोचल्या.

येथून पुढे नाइटिंगेलबाईंची खरी कसोटी सुरू झाली. लष्करी डॉक्टरांना बायकांची ही ढवळाढवळ नको होती. बाईंनी वाद घातला नाही. डॉक्टरांचा हुकूम आल्याशिवाय कोणीही रोग्याला हात लावायचा नाही, असे त्यांनी आपल्या परिचारिकांना बजावले आणि पट्ट्या, उशा शिवण्यास बसवले. थोड्याच दिवसांत जखमींची जहाजे एकामागून एक येऊ लागली, कॉरिडॉरमध्येही पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि डॉक्टरांनीच त्यांना मदतीला बोलावले.

बाईंनी काय केले? त्यांनी फरशा घासण्यासाठी ब्रश आणविले. एक घर भाड्याने घेऊन त्यात पाणी तापविण्याचे बंब बसविले आणि सैनिकांच्या बायकांना कामाला लावून कपडे धुण्याची सोय केली. अशक्त रोग्यांना पचेल असे अन्न देण्यासाठी वेगळे स्वयंपाकघर काढले. मोडकळीस आलेले वॉर्ड स्वतः पैसे देऊन दुरुस्त करून घेतले. आणि परिचारिकांवर कडक शिस्त बसविली. रात्री आठनंतर त्यांच्याशिवाय दुसरी कोणतीही स्त्री वॉर्डात जाणार नाही, असा नियम होता. जिने दारू घेतली किंवा गैरवर्तन केले, तिची रवानगी परत इंग्लंडला. मुलींच्या अब्रूची काळजी करणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे, की या पेशाची आधुनिक सुरुवात ज्या बाईंनी केली, त्यांनी ही काळजी पहिल्या दिवसापासून वाहिली होती.

रात्री दिवा घेऊन त्या एकट्या रोग्यांमधून फिरत. चित्रांतून त्यांच्या हातात जो पणतीसारखा दिवा दाखवितात तो कल्पनेतला आहे. प्रत्यक्षात तो घडीचा, कापडी गोल आवरण असलेला तुर्की फानूस होता. उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी बाईंच्या सेवेबद्दल त्यांना हिऱ्यांचे कंकण भेट दिले होते.

आकड्यांनी शिकविलेला धडा

आता एक गोष्ट, जी शाळेच्या पुस्तकात सहसा नसते. एवढे सगळे करूनही त्या पहिल्या हिवाळ्यात मृत्यू थांबले नाहीत, उलट वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये त्या इस्पितळातील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४२ वर गेले होते. बराक तुंबलेल्या गटारांवर उभी होती आणि हवा खेळायला वाव नव्हता. मार्च १८५५ मध्ये डॉ. जॉन सदरलंड आणि इंजिनिअर रॉबर्ट रॉलिन्सन यांचे आरोग्य पथक इंग्लंडहून आले. त्यांनी गटारे धुऊन काढली, मेलेली जनावरे हलविली, पिण्याचे पाणी शुद्ध केले, भिंतींना चुना लावला, हवेला वाट करून दिली. जून महिन्यापर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा २ वर आले.

युद्ध संपल्यावर ऑगस्ट १८५६ मध्ये बाई गाजावाजा टाळून, दुसरे नाव घेऊन मायदेशी परतल्या. क्रिमियात त्यांना झालेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची ढासळली होती आणि पुढील आयुष्यातील बरीच वर्षे त्यांनी बिछान्यावरूनच काम केले. डॉ. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी सैन्याचे सर्व आकडे तपासले. सैनिक जखमांनी कमी आणि टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे त्यातून सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट झाले. मंत्र्यांना लांबलचक तक्ते वाचायचा कंटाळा. म्हणून बाईंनी वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढून तेच सत्य एका दृष्टिक्षेपात दाखविले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. नुसत्या दयेने रोगी वाचत नाही. स्वच्छ हवा, पाणी, निचरा आणि नोंदी यांचे ज्ञान लागते, हे त्यांना आता पुराव्यानिशी कळले होते. जे ज्ञान लागते ते शिकवावे लागते. तेव्हा शाळा पाहिजे.

परिचारिकांची शाळा

बाई तुर्कस्तानात असतानाच नोव्हेंबर १८५५ मध्ये लंडनमध्ये सभा भरून त्यांच्या नावाने निधी सुरू झाला होता. सैनिकांनी आपला एक दिवसाचा पगार दिला. सुमारे ४४,००० पौंड जमले. या पैशातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नाइटिंगेल परिचारिका शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडीसाठी १५ मुली निवडण्यात आल्या. त्याच वर्षी रुग्णसेवेवरील त्यांचे छोटेखानी पुस्तकही वाचकांच्या हाती आले आणि घरोघर गेले.

या शाळेची घडण पाहण्यासारखी आहे. शिकाऊ मुलींना फी नव्हती. राहणे, जेवण, चहा-साखर, कपड्यांची धुलाई आणि गणवेष हे सारे मोफत, शिवाय वर्षाला १० पौंड हातखर्च. गणवेष साधा तपकिरी, त्यावर पांढरा एप्रन आणि टोपी. इस्पितळाच्याच एका भागात त्यांचे वसतिगृह होते. प्रत्येकीला निजण्यासाठी स्वतंत्र खोली, सर्वांना मिळून बसण्याचा एक दिवाणखाना, आणि देखरेखीला एक जबाबदार सिस्टर. प्रवेशाच्या वेळी चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागे. मेट्रन मिसेस वॉर्डरोपर यांच्या हाताखाली एक वर्षाचे शिक्षण आणि त्यानंतर ठरावीक वर्षे इस्पितळात नोकरी, असा करार होता.

शिक्षणाचे दोन भाग होते. डॉक्टरांची व्याख्याने हा एक, आणि प्रत्यक्ष वॉर्डात सिस्टरच्या नजरेखाली काम हा दुसरा. मेट्रनने दर महिन्याला प्रत्येक मुलीचा तक्ता भरावयाचा असे. त्यात एका बाजूला वक्तशीरपणा, शांत स्वभाव, विश्वासूपणा, टापटीप आणि स्वच्छता यांची नोंद. दुसऱ्या बाजूला कामाची यादी : जखमेची मलमपट्टी, जळवा लावणे, एनिमा देणे, अंग चोळणे, निरनिराळी बँडेज बांधणे, अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला न दुखविता चादर बदलणे, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, रोग्यासाठी पेज व हलके अन्न शिजविणे, वॉर्डातील हवा ताजी ठेवणे, भांडी स्वच्छ राखणे. या यादीत फार महत्त्वाची एक बाब होती, ती रोग्याच्या निरीक्षणाची. नाडी, श्वास, त्वचा, भूक, झोप, जखमेची स्थिती, रोगी शुद्धीवर आहे की बरळतो आहे, औषधाचा आणि आहाराचा काय परिणाम झाला, हे पाहून डॉक्टरांना अचूक सांगता आले पाहिजे. डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतो. रोग्याजवळ आठही प्रहर असते ती परिचारिका. तिचा डोळा चुकला तर डॉक्टरांची विद्याही लटकी पडते.

शाळेतही चूक सापडली

एवढी नीट आखलेली शाळासुद्धा पुढे रुळावरून घसरली होती. १८७२ च्या सुमारास बाईंनी बारकाईने चौकशी केली, तेव्हा त्यांना धक्काच बसला. ज्या डॉक्टरांकडे व्याख्यानांची जबाबदारी होती ते ती पार पाडीत नव्हते. मुलींना शिकविण्याऐवजी वॉर्डातील कामाला हात कमी पडतात म्हणून नुसते राबविले जात होते. अभ्यासाला त्यांना वेळच मिळत नव्हता.

आपल्या नावाची शाळा म्हणून बाईंनी यावर पांघरूण घातले नाही. जॉन क्रॉफ्ट या शल्यविशारदांकडे व्याख्याने सोपविली गेली. वसतिगृहात मुलींचा अभ्यास करून घेण्यासाठी स्वतंत्र सिस्टर नेमली. मुलींनी रोग्यांच्या नोंदी आणि दैनंदिनी लिहाव्यात यावर भर दिला आणि त्या वह्या बाई स्वतः वाचू लागल्या. १८७२ पासून त्या आजारपणातूनही शाळेतील मुलींना उपदेशाची प्रदीर्घ पत्रे लिहीत. शिक्षण पुऱ्या झालेल्या मुलींना एकेकीला घरी चहाला बोलावून त्यांची विचारपूस करीत. काम करवून घेणे म्हणजे शिकविणे नव्हे, हे तत्त्व त्यांनी त्या वेळी घालून दिले.

या शाळेत शिकलेल्या परिचारिका पुढे दूरदूर गेल्या. १८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स बारा परिचारिकांसह लिव्हरपूलच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळात गेल्या. १८६८ मध्ये ल्युसी ऑस्बर्न पाच सहकाऱ्यांना घेऊन ऑस्ट्रेलियातील सिडनीस पोहोचल्या. प्रत्येक ठिकाणी एकेक नवी शाळा उभी राहिली. ज्या घरांतून मुलींना इस्पितळाची पायरी चढू देत नसत, त्याच घरांतून आता मुली अर्ज करू लागल्या.

हिंदुस्थानशी नाते

बाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत. पण चाळीस वर्षे या देशाचा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. येथील गोऱ्या पलटणींच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये कमिशन नेमले गेले. बाईंनी छापील प्रश्नपत्रिका हिंदुस्थानातील लष्करी ठाण्यांकडे पाठविल्या आणि आलेल्या उत्तरांचा ढीग स्वतः उपसला. १८६३ मध्ये अहवाल निघाला. दर हजारी ६९ गोरे सैनिक येथे दरवर्षी मरत, आणि तेही मुख्यतः घाण पाणी व निचऱ्याचा अभाव यांमुळे, असे त्यात दिसून आले. पुढे त्यांचे लक्ष छावणीतून खेड्याकडे वळले. रयतेचा दुष्काळ, पाटबंधारे, गावातील पिण्याचे पाणी यांवर त्यांनी सतत लिहिले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या १८९२ मध्ये निघालेल्या चरित्राला बाईंनीच प्रस्तावना लिहिली.

अखेरचे दिवस

थोर माणसांचेही सर्वच निर्णय काळाच्या कसोटीला उतरतात असे नाही. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदवहीत नाव लावावे, अशी चळवळ १८८७ नंतर इंग्लंडमध्ये सुरू झाली, तेव्हा बाईंनी तिला विरोध केला. परीक्षेने पुस्तकी ज्ञान कळेल, पण हाताचे कसब आणि मनाचा चांगुलपणा कसा कळणार, ही त्यांची शंका होती. शंका रास्त होती. परंतु नोंदणीवाचून रोग्यांचे आणि खुद्द परिचारिकांचेही संरक्षण होईना. अखेर त्यांच्या पश्चात १९१९ मध्ये तेथे नोंदणीचा कायदा झाला.

१९०७ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा किताब त्यांना मिळाला. स्त्रीला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजामहाराजांशेजारी दफन करण्याची तयारी सरकारने दाखविली होती. घरच्यांनी ती नम्रपणे नाकारली. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात आईवडिलांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. दगडावर त्यांच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा, एवढेच कोरले आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या मुलींसाठी

नाइटिंगेलबाईंच्या शाळेतील एका वर्षाच्या शिक्षणाचे रूपांतर आज विद्यापीठाच्या पदवीत झाले आहे. आपल्या देशात १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे नर्सिंगचे पदवी शिक्षण सुरू झाले आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. महाराष्ट्रात ही पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, पोषणशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे. पुढे सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, शस्त्रक्रिया विभागातील परिचर्या, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रसूती आणि वस्त्यांमध्ये जाऊन करावयाचे सामाजिक आरोग्याचे काम. संशोधन आणि संख्याशास्त्र हाही विषय आहे, आणि ते पाहून बाईंना समाधानच वाटले असते. इंजेक्शन, ड्रेसिंग यांचा सराव आधी प्रयोगशाळेतील पुतळ्यावर आणि मग शिक्षिकेच्या देखरेखीखाली वॉर्डात होतो. केलेल्या प्रत्येक कामाची नोंद वहीत करून तिच्यावर सही घ्यावी लागते. मेट्रनच्या त्या मासिक तक्त्याचेच हे आजचे रूप आहे. ज्यांना विज्ञान शाखा घेता आली नाही, त्यांच्यासाठी तीन वर्षांचा जी.एन.एम. आणि दोन वर्षांचा ए.एन.एम. हे पदविका अभ्यासक्रम आहेत. आणि हे शिक्षण केवळ मुलींचे नाही. मुलांनाही ते खुले आहे.

पालक बंधु-भगिनींनो, आपली काळजी सोडून द्या, असे मी म्हणणार नाही. ती काळजी योग्य ठिकाणी वापरा, एवढीच विनंती आहे. लोक काय म्हणतील हे विचारण्यापेक्षा कॉलेजात जाऊन चार प्रश्न विचारा. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार आणि विद्यापीठाची मान्यता आहे काय? स्वतःचे रुग्णालय आहे काय, आणि त्यात खरोखर रोगी असतात काय? वॉर्डात मुलींबरोबर शिक्षिका उभी राहते, की मुलींना नुसते राबवून घेतात? वसतिगृहाची, रात्रपाळीला ने-आण करण्याची व्यवस्था कशी आहे, वॉर्डन कोण आहे? ज्या ठिकाणी फी घेऊन हजेरी कागदावर मांडली जाते आणि मुलगी रोग्याच्या जवळही जात नाही, तेथे प्रवेश घेऊ नका. तेथून मिळालेला कागद तिच्या कामाचा नाही आणि रोग्याच्या जिवाला तर धोक्याचाच.

आपल्या घरातील स्त्रिया आजारी पडल्या, प्रसूतीसाठी दवाखान्यात गेल्या, की तेथे बाईमाणूस असावी, आपली बोली समजणारी असावी, पडद्याचा मान राखणारी असावी, अशी आपली अपेक्षा असते. ही अपेक्षा रास्त आहे. पण ती बाईमाणूस आकाशातून पडणार नाही. ती कोणाची तरी लेक असणार, आणि कोणीतरी आईवडिलांनी तिला शिकायला पाठविलेले असणार. सगळ्यांनीच आपापल्या मुलीला घरी बसविले, तर आपल्या आयाबहिणींच्या उशाशी कोण उभे राहणार?

विद्यार्थिनींनो, तुम्हालाही दोन शब्द. फ्लॉरेन्सने आठ वर्षे वाट पाहिली. पण ती वाट पाहणे रिकामे नव्हते. घरच्यांचा मान राखून तिने अभ्यास चालू ठेवला आणि संधी आली तेव्हा ती तयार होती. तुम्हीही घरच्यांशी अदबीने बोला, माहितीपत्रक त्यांच्या हाती द्या, त्यांना कॉलेज व वसतिगृह दाखवून आणा. फ्लॉरेन्सच्या वडिलांचे मन जसे वळले तसे तुमच्या अब्बांचेही वळेल. रुफैदांच्या तंबूपासून चालत आलेली ही खिदमत आहे. ती इल्मच्या आधाराने करण्याची संधी आज तुमच्या दाराशी आली आहे. अल्लाह तुम्हाला ती पार पाडण्याची ताकद देवो.